थोरलीचं बूच

१

"पन्नास मिनिटं म्हणाले होते. त्रेचाळिसात परत आणून सोडलं," त्या बाई म्हणत होत्या. "आणि दाखवलं काय, तर जे नाही ते."

धक्क्यावरच्या चहाच्या दुकानात दोन बाकांना मिळून एकच पाठ आहे. मागच्याचं बोलणं ऐकायचं नाही असं कितीही ठरवलं, तरी ते मणक्यातून आत येतं. माझा निम्मा चहा अजून कपात होता, त्यामुळे मी उठलेही नाही.

"जे नाही ते म्हणजे?" हे त्यांचे यजमान असावेत.

"डावीकडे पिवळं घर बघा, त्याच्या गच्चीवर कबुतरं बघा. अहो, तिथे चार मजली राखाडी हॉटेल आहे. कबुतर औषधाला नाही."

"जुन्या आठवणी सांगत असतील गं. म्हातारा माणूस. मला तर छान वाटलं."

"तुम्हाला काय, सगळंच छान वाटतं. आणि तो पोहणाऱ्यांचा तराफा? त्याच्या इतकी जवळून बोट नेली, की वर बसलेल्या बाईनं पाय ओढून घेतले. किंचाळली ती. त्यानंतर तुमचे ते गोड म्हातारे एक शब्द बोलले नाहीत. बेटाला वळसा घालणार होते, तोही नाही. सरळ परत."

"तुझा चेहरा बघून घाबरले असतील."

मी तलाव कचेरीत काम करते. बोटींचे परवाने, बोटींच्या तक्रारी, बोटींचे अपघात हे सगळं माझ्या टेबलावर येतं, पण लेखी यावं लागतं. पाठीतून आलेल्या तक्रारीला आवक क्रमांक देता येत नाही. तेव्हा मी चहा संपवला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन वाजला. कप्तानांची लेक होती.

"ताई, थोरली बुडालीय."

२

थोरली आणि धाकटी या दोन भावांच्या दोन बोटी. थोरली थोरल्याची, धाकटी धाकट्याची. नाव ठेवताना त्यांच्या वडिलांनी डोक्याला फार ताण दिलेला नव्हता. थोरल्या भावाला सगळं गाव कप्तान म्हणतं. मी काका म्हणते.

मी सात वर्षांची असताना बाबांनी आम्हा तिघांसाठी अख्खी थोरली ठरवली होती. बारा जणांच्या बोटीत आई, बाबा आणि मी. आईला ही उधळपट्टी वाटली आणि तसं ती बोट धक्क्यापासून लांब जाईपर्यंत म्हणत होती. ते पिवळं घर मी पाहिलंय. कबुतरंही. तलावाच्या मध्यावर काकांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "आता कुणी बोलायचं नाही. तलाव काय म्हणतो ते ऐका." तलाव काहीच म्हणाला नाही. पण घरात एक मिनिट शांत न बसणारे माझे बाबा तोंड मिटून, हात मांडीवर ठेवून बसले होते. आज बाबा नाहीत, आई नाही. ते गप्प बसणं मात्र जसंच्या तसं माझ्यापाशी आहे.

त्यामुळे बोटघरात शिरले आणि थोरलीला कमरेएवढ्या पाण्यात तळाला टेकलेली पाहिलं, तेव्हा वही उघडायला मला जरा वेळ लागला. तिचं फक्त छत आणि कठड्याची कड वर होती. भर वर्गात डुलकी लागलेल्या बाईंसारखी दिसत होती. उठवावं की नाही, कुणाला कळत नव्हतं.

काठावर चौघं उभी होती. काका, काकू, त्यांची लेक आणि धाकटे. धाकट्यांना गाव नुसतं धाकटेच म्हणतं, वय पासष्ट झालं तरी.

"काका, सगळ्यात आधी तुम्ही आलात?"

"रोज मीच येतो. साडेपाचला." काका पाण्याकडे तोंड करून बोलत होते. "दार उघडलं आणि कळलं. आत पाण्याचा आवाज वेगळा होता."

बोटीच्या तळाला, मागच्या बाकाखाली, आट्यांचं पितळी बूच असतं. हिवाळ्यात बोट वर ओढली की आतलं पाणी निघून जावं म्हणून ते काढतात, हंगामाच्या सुरुवातीला परत बसवतात. ते आपोआप सुटत नाही. त्याला चौकोनी किल्ली लागते आणि चांगलं मनगट लागतं. धाकटे पाण्यात उतरले, बाकाखाली हात घालून त्यांनी चाचपलं आणि वर पाहिलं.

"बूच नाही."

बूच मला सापडलं, आणि शोधावंही लागलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाखाली एक जुना खिळा आहे, त्याला ते साखळीनं टांगलेलं होतं. पुसून, कोरडं करून. त्याच्याच खाली बाकावर थोरलीच्या बारा गाद्या रचलेल्या होत्या. कडेला कड अशी जुळलेली, की पट्टी लावून बघावं. फक्त लाल, हिरवी, हिरवी, लाल, लाल, हिरवी अशा, मनाला येईल तशा. बोटीच्या डाव्या अंगाला लाल गाद्या आणि उजव्या अंगाला हिरव्या असतात, आणि काकूंच्या राज्यात त्या दोन रंगांची गाठ पडत नाही.

मी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या आणि वही मिटली.

आमच्या अहवालात तीनच चौकटी असतात: अपघात, निष्काळजीपणा, घातपात. बूच काढून पुसून टांगलेलं असल्यावर अपघात बाद. मालकानंच सोडलं तर निष्काळजीपणा, त्याचा परवाना जातो. दुसऱ्या कुणी केलं तर घातपात, आणि तो धक्क्यावरचा असेल तर त्याला धक्का कायमचा बंद. अहवाल सोमवारी द्यायचा होता. तो दिवस शनिवार.

बूच तलावात फेकता आलं असतं, मी मनात म्हणाले. गाद्या भिजू नयेत म्हणून आधी काढून ठेवणारा शत्रू मी तरी पाहिला नाही. "हे घरातल्या माणसाचं काम आहे," मी मोठ्यानं म्हणाले.

धाकटे पँटचं पाणी पिळत होते. मान वर न करता म्हणाले, "लिही मग. मी केलं."

३

दोघा भावांचं बोलणं तीन वर्षं बंद होतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. का बंद, ते कुणी सांगू शकत नव्हतं. एवढंच दिसायचं, की थोरली सुटली की पाच मिनिटांत धाकटी सुटते आणि अंतर राखून तिच्या मागे मागे फिरते. लोक म्हणायचे, धाकट्याला स्वतःची वाट शोधता येत नाही, भावाचं गिऱ्हाईक फोडायला टपलेला असतो.

मी त्यांना धक्क्याच्या टोकाला नेलं.

"कधी केलंत?"

"पहाटे."

"का?"

"राग आला."

"कशाचा?"

"तीन वर्षांचा. साठला होता." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस किती कमी शब्द वापरतो ते बघावं.

"आणि गाद्या?"

"गाद्यांचं काय? भिजल्या असतील. वाळतील."

"गाद्या कोरड्या आहेत, धाकटे. तुमच्या मागेच बाकावर होत्या."

त्यांनी पँटचा दुसरा पाय पिळला. मग म्हणाले, "तू शाळेत पण अशीच होतीस का?"

"त्यांच्या मागे मागे का जाता रोज?"

"तलाव काय त्याच्या एकट्याचा आहे?" एवढं बोलून त्यांनी माझ्या वहीत कबुलीखाली सही केली आणि पंप आणायला गेले.

लेक तिकीटखिडकीत होती. खिडकीवर पाटी होती: आज थोरलीच्या फेऱ्या बंद. त्याखाली जुनी, उन्हानं उडालेली दुसरी पाटी: संध्याकाळच्या फेऱ्या नाहीत. मी लहान होते तेव्हा संध्याकाळच्याच फेरीला लोक तुटून पडत.

"ताई, धाकट्या काकांचं मनावर घेऊ नका," ती तिकिटांचं पुस्तक सरळ करत म्हणाली. ते आधीच सरळ होतं. "ते भोळे आहेत. बूच मी काढलं."

"आणि कुठे ठेवलंस?"

"फेकलं. पाण्यात."

"कुठल्या बाजूला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बोटघराच्या दाराकडे. दाराशेजारी तिनंच दोन वर्षांपूर्वी लावलेली आकड्यांची फळी होती. प्रत्येक आकड्याखाली तिच्या वळणदार अक्षरात नाव: थोरलीची किल्ली, थोरलीचं बूच, धाकटीची किल्ली, धाकटीचं बूच. 'थोरलीचं बूच' या आकड्याला आता बूच लटकत होतं. मी आत आले तेव्हा तो आकडा रिकामा होता.

"हे इथे कुणी आणलं?"

"धाकट्या काकांनी. त्यांना पसारा चालत नाही."

"संध्याकाळच्या फेऱ्या तू का बंद केल्यास गं?"

"बाबांचं वय झालं, ताई."

"वय सकाळीही तेवढंच असतं."

ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं खिडकीचं शटर ओढलं. माझ्या नाकापासून चार बोटांवर.

उरल्या काकू. त्या बोटघरात बाकाशी बसून गाद्या वेगळ्या करत होत्या. लाल इकडे, हिरव्या तिकडे. घाईनं.

"काकू, राहू द्या. मी पाहिलंय त्या कशा होत्या ते."

"पोरीनं रचल्या असतील धांदलीत."

"तिला रंग कळतात."

हात थांबले. त्यांनी एक गादी मांडीवर घेतली आणि शिवणीवरून अंगठा फिरवत राहिल्या. "यंदा एकाच कापडाच्या खोळी केल्या. स्वस्तात मिळालं... म्हणजे चांगलं मिळालं. पूर्वी लाल मखमलीच्या होत्या, हिरव्या जाड्याभरड्या. हाताला कळायचं." मग एकदम, "चहा घेशील?"

"काकू, हाताला का कळायला हवं?"

"साखर कमी घालते तुला," त्या म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

४

रविवारी कचेरी बंद असते. मी किल्ली लावून आत जाऊन बसले, तीन चौकटींचा कागद समोर घेऊन.

बूच काढणाऱ्यानं ते सवयीनं टांगलं होतं, पण दोन वर्षांपूर्वीच्या सवयीनं. नवी फळी दारातच आहे, नावं मोठ्या अक्षरात. धाकटे, काकू, लेक यांच्यापैकी कुणाचाही हात आधी त्या फळीकडे गेला असता. घड्याळाखालच्या खिळ्याकडे फक्त असा हात जाईल, ज्याला चाळीस वर्षांपासून पावलं मोजून तो खिळा कुठे आहे ते पाठ आहे आणि फळी कुठे आहे ते अजून झालेलं नाही.

गाद्यांच्या कडा बोटांनी जुळवल्या होत्या. रंग बोटांना कळले नव्हते.

बोट बुडाल्याचं कानाला कळलं होतं. संध्याकाळ झाली की फेरी नव्हती. मागून येणारी धाकटी गिऱ्हाईक फोडायला येत नव्हती. काही झालंच तर हाकेच्या अंतरावर असावं म्हणून येत होती. आणि ते भांडण? धाकट्यांनी तीन वर्षांपूर्वी एकदाच काहीतरी तोंडावर बोलायचा प्रयत्न केला असणार. मग काकांनी बोलणंच बंद केलं.

पिवळं घर आठवणीतलं नव्हतं. काकांच्या लेखी ते अजून तिथेच उभं होतं. सगळा तलाव त्यांना पाठ होता, फक्त परवाची ती तराफ्यावरची बाई पाठ नव्हती. तिची किंकाळी ऐकून त्यांनी बोट धक्क्याला लावली आणि पहाटे येऊन आपल्या हातानं थोरलीला खाली बसवलं. उथळ जागी, गाद्या काढून. म्हणजे कुणाला काही सांगावं लागणार नाही. बोटच नाही तर फेरी कुठली.

आता माझंही सांगून टाकते, कारण तपास करणारीनं स्वतःला वगळायचं ही पद्धत मला पटत नाही. दर वर्षी हंगामाच्या आधी परवान्यासाठी नावाडी माझ्याकडे येतात आणि भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता वाचून दाखवतात. वीस वर्षं तोच तक्ता होता. यंदा ओल आली म्हणून मी नवा लावला. काका आले, रेघेवर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. एक अक्षर चुकले नाहीत. जुन्या तक्त्याचं.

भिंतीवर त्यातलं एकही अक्षर नव्हतं. मी तक्त्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. ते हसून म्हणाले, "पास का, बाईसाहेब?" आणि मी शिक्का मारला.

त्या बाईचे पाय वेळेवर वर गेले म्हणून, नाहीतर तो शिक्का माझा होता.

दुपारी मी काकांकडे गेले. ते अंगणात खुर्चीवर बसून चौकोनी किल्लीला तेल लावत होते.

"काका, धाकट्यांनी लिहून दिलंय की त्यांनी केलं. तुमची लेकही तेच म्हणते. दोघांचंही खोटं आहे. पण धाकट्यांचं मी उद्या पुढे पाठवलं, तर धक्का त्यांना कायमचा बंद."

किल्लीवरचा हात थांबला.

"धाकट्यानं लिहून दिलं?"

"सही करून."

"मूर्ख आहे," ते म्हणाले. त्यांनी किल्ली फडक्यात गुंडाळली. मग विचारलं, "धाकटी आज रिकामी आहे का?"

"कशाला?"

"खिडकीवर जा आणि एक खाजगी फेरी सांग. पन्नास मिनिटांची. सगळ्यांना घे. तुझ्या काकूलाही."

५

मी खिडकीवर जाऊन रीतसर तिकीट मागितलं. लेकीनं शटर वर केलं, काही न विचारता पावती फाडली आणि स्वतः खिडकी बंद करून माझ्यामागे आली.

सुकाणूवर धाकटे. शेजारी, जिथे वाटाड्या बसतो तिथे, काका. डावीकडे लाल गाद्यांवर काकू आणि लेक, उजवीकडे हिरवीवर मी. काकू बोटीत किती वर्षांनी बसत होत्या कोण जाणे. त्यांनी कठडा घट्ट धरला होता आणि पर्स त्याहून घट्ट. ऊन स्वच्छ होतं. पाण्यात डोंगर उलटे उभे होते, बर्फासकट.

काकांनी घसा साफ केला. "मंडळी, आपलं स्वागत. तलावाची खोली मध्यभागी तीनशे हात. पोहता येत असेल तरी उडी मारू नका, पाणी फार थंड आहे आणि मला कपडे बदलावे लागतील."

हा विनोद मी सातव्या वर्षी ऐकला होता. बाबा त्यावर इतके हसले होते, की आईनं त्यांना कोपर मारलं होतं.

धाकट्यांनी बेट उजवीकडे ठेवलं. तराफ्यापासून भरपूर लांबून गेले. काका बोलत होते: कड्याच्या पोटातली गुहा, जुना लाकडी पूल, दुसऱ्या काठावरची बर्फ साठवायची वखार. पूल वाहून गेला त्याला दोन वर्षं झाली. वखारीच्या जागी आता गाड्या उभ्या करतात.

"आणि डावीकडे पिवळं घर. गच्चीवर बघा, कबुतरं."

आम्ही सगळ्यांनी डावीकडे, त्या राखाडी हॉटेलाकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. काकूंनी, लेकीनं, मी, सुकाणू धरलेल्या धाकट्यांनीसुद्धा. तीन वर्षं हे घर असंच चाललं असणार. माना कुणाला दाखवायला डोलवत होतो, ते आमचं आम्हाला माहीत.

"इंजिन बंद कर," काका म्हणाले. भावाशी तीन वर्षांत बोललेले ते पहिले शब्द असावेत.

धाकट्यांनी बंद केलं. बोट आपल्याच वेगानं थोडी सरकली आणि थांबली. लाटा कडेला लागायच्या बंद झाल्या.

"वही आणलीयस का?" काकांनी मला विचारलं.

"आणलीय."

"बूच मी काढलं. लिही. धाकट्याचं खोड, पोरीचं खोड."

मी लिहिलं. आता निष्काळजीपणाच्या चौकटीत खूण करून वही मिटता आली असती. पण त्या चौकटीखाली एक ओळ असते, आणि ती रिकामी सोडली तर कागद परत येतो.

"कारण लिहावं लागतं, काका."

लेकीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"वय झालं म्हणून लिही," धाकटे म्हणाले.

"वय हे कारण नाही. वय सगळ्यांचंच होतं."

"गुडघे," लेक म्हणाली. "बाबांचे गुडघे फार दुखतात, ताई. चढता-उतरता येत नाही."

"कालच ते पायऱ्यांवरून माझ्या पुढे उतरले."

"मग तापाचं लिही," धाकटे म्हणाले. "तापात माणूस काहीही करतो."

"ताप कधी आला होता?"

"कधीतरी आला असेलच ना."

काकू आतापर्यंत समोरच्या काठाकडे बघत होत्या. त्या काठाकडेच बघत म्हणाल्या, "कंटाळले होते म्हणून लिही. एकेचाळीस वर्षं तेच तेच बोलायचं म्हणजे काय. कुणीही कंटाळेल. माणूस आहे."

माझी पेन्सिल कागदावर टेकलेली होती. खरं सांगायचं तर मी लिहिलंही असतं. शिक्का मारला होता तसंच.

काकांनी हात लांब करून काकूंचा हात शोधला. कठड्यावर नव्हता, मांडीवर नव्हता, पर्सवर सापडला. तो त्यांनी धरला.

"नाही गं," ते म्हणाले. "कंटाळा कसला. मला दिसत नाही."